ट्यूबा गरम होईपर्यंत

अ‍ॅम्प घरात आला तेव्हा छकुली झोपलेली होती, आणि त्या दिवसातली ती शेवटची चांगली बातमी ठरली.

नवऱ्याने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून तीन जिने वर आणला. एकेका पायरीवर थांबत, पाय चाचपत, श्वास सांभाळत. दारात उभ्या असलेल्या बायकोला आठवलं, की तिला आणि नवजात छकुलीला दवाखान्यातून घरी आणताना याच जिन्यात हाच माणूस दोन-दोन पायऱ्या टाकत पुढे निघून गेला होता. कारण गॅसवर दूध राहिलं होतं.

“हळू, हळू,” तो स्वतःलाच बजावत होता. “आत काच आहे.”

“आत मूल आहे,” बायको म्हणाली. “आत्ता कुठे झोपलंय.”

गिटारचा अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, एवढं तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. तेव्हा ते तिला आवडायचंही. पण ही पेटी साधी नव्हती. सायीच्या रंगाचं कापड, चामड्याची मूठ, वरच्या पट्टीवर रांगेने फिरवायची काळी बटणं, आणि पाठ सताड उघडी. त्या उघड्या पाठीतून आतल्या काचेच्या ट्यूबा दिसत होत्या. नवऱ्याने आपली सायकल आणि दोन धडधाकट स्पीकर देऊन त्या बदल्यात ती मिळवली होती, आणि आपण समोरच्याला चांगलंच गुंडाळलं, असा त्याचा ठाम समज होता.

“जुनाच आणलास?” आजीने, म्हणजे त्याच्या आईने, कपाळावरचा चष्मा खाली ओढत विचारलं.

“जुना नाही गं. नवीन आहे. जुन्यासारखा बनवलाय.”

“मग जुनाच आणायचा. आपल्याकडे होता की ट्यूबचा रेडिओ. तूच उघडलास, सातवीत असताना.”

“तो विषय वेगळा आहे, आई.”

“वेगळा कसला? उघडलास तो शेवटपर्यंत मिटलाच नाही.”

बोलता बोलता आजीने वितीने अ‍ॅम्पची लांबी, रुंदी आणि उंची मोजून घेतली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला आजी कव्हर शिवायची. मिक्सरला होतं, इस्त्रीला होतं, टीव्हीच्या रिमोटला तर दोन होती, एक रोजचं आणि एक पाहुणे आल्यावर घालायचं. सोसायटीची पाण्याची मोटर तेवढी तिच्या हातून सुटली होती, तीही तळमजल्यावर असल्यामुळे.

खरा प्रश्न होता तो पुढच्या सोमवारचा. त्या दिवशी बायकोची बाळंतपणाची रजा संपत होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिचं एक टेबल होतं, एक सूक्ष्मदर्शक होता आणि एक स्टूल होतं. त्या स्टुलावर सध्या तिच्या जागी घेतलेली मुलगी बसत होती, आणि आतल्या गोटातली बातमी अशी होती की त्या मुलीने स्टुलाची उंची बदलून घेतली होती. बायको हे ऐकल्यापासून अस्वस्थ होती. तात्पुरतं बसणारा माणूस स्टूल खाली-वर करत नाही, असं तिचं म्हणणं होतं. त्यात मोठ्या मॅडमनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, “ये की सोमवारी. जमणार नसेल तर आधी कळव हं, म्हणजे हिलाच कायम करून टाकू.”

दुपारची जबाबदारी नवऱ्याने घेतली होती. तो इमारतींचे नकाशे काढायचा आणि ते घरी बसूनही काढता येत होते. अडचण एवढीच होती, की छकुली आईच्या खांद्याखेरीज कुठेही झोपत नव्हती. आजीचे गुडघे तिला घेऊन येरझाऱ्या घालायला तयार नव्हते. आणि वडिलांच्या खांद्याला छकुली खांदा समजतच नसे, गच्ची समजायची. तिथून तिला पंखा दिसायचा, खिडकी दिसायची, कपाटावरची धूळ दिसायची, आणि एवढं सगळं दिसत असताना झोपणं तिला नादानपणाचं वाटायचं.

“शनिवारी दुपारी मी बाहेर जाणार,” बायकोने सांगून ठेवलं होतं. “तू एकट्याने झोपवून दाखव. नाही जमलं तर रविवारी मॅडमना फोन करते आणि सोडून देते ते स्टूल.”

“जमेल गं.”

“कसं?”

“बघू ना.”

‘बघू ना’ या दोन शब्दांवर या घराचा निम्मा कारभार चालायचा. उरलेला निम्मा बायको चालवायची.

अ‍ॅम्प छकुलीच्या खोलीत ठेवावा लागला, कारण जाड पिनांचा सॉकेट तिथेच होता. छकुली होण्याआधी नवरा त्या खोलीला ‘स्टुडिओ’ म्हणायचा. आता तिथे कठड्याची छोटी खाट होती, दोरीवर झबली वाळत होती आणि खुंटीला गिटार लटकत होती, सासुरवाशिणीसारखी, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

छकुली उठल्यावर प्रात्यक्षिक झालं. ती आईच्या कडेवर, आजी खुर्चीत, आणि नवरा अ‍ॅम्पच्या शेजारी गुडघ्यांवर.

“हे बघा, दोन खटके. आधी पॉवर. हा लाल दिवा लागला. पण लगेच वाजवायचं नाही. ट्यूबा गरम होऊ द्यायच्या. मग हा दुसरा, स्टँडबाय. बंद करताना उलटं. आधी स्टँडबाय, मग पॉवर.”

“म्हणजे तुझ्यासारखाच,” आजी म्हणाली. “उठवला तरी बराच वेळ नुसता लाल होऊन बसून राहतो.”

“हा व्हॉल्यूम. हा ट्रेबल, वरच्या बारीक सुरांचा. हा बास, खालच्या जाड सुरांचा. हा रिव्हर्ब, म्हणजे विहिरीत वाजवल्यासारखं येतं. आणि ही शेवटची दोन ट्रेमोलोची, स्पीड आणि इंटेन्सिटी. आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. लाट किती भराभर यावी तो स्पीड, किती खोल जावी ती इंटेन्सिटी.”

“आणि हळू वाजवायचं बटण कुठलं?” बायकोने विचारलं.

“व्हॉल्यूम एकावर ठेवतो ना. बारापर्यंत आकडे आहेत. एक म्हणजे काहीच नाही.”

या जातीच्या अ‍ॅम्पमध्ये एक म्हणजे काहीच नाही असं नसतं, हे त्याने वाचलं होतं. पण वाचलेलं आणि घरात सांगितलेलं यांत थोडं अंतर असावं, असं त्याचं संसाराबद्दलचं मत होतं.

त्याने गिटार घेतली, ई मेजर ही कॉर्ड धरली आणि तारांवरून एकदाच हात फिरवला.

खिडकीची काच थरथरली. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा एक चमचा दुसऱ्या चमच्याला जाऊन भेटला. आजीचा चष्मा आपणहून कपाळावर गेला असावा, कारण तो नंतर तिथे सापडला. छकुलीने आधी खालचा ओठ बाहेर काढला, तो हळूहळू पसरवला आणि मग बारावर ठेवल्यासारखा भोंगा सुरू केला. तेवढ्यात खालून छतावर, म्हणजे यांच्या फरशीवर, झाडूच्या दांड्याचे ठोके आले. ठक, ठक, ठक.

पाठोपाठ बेल वाजली. खालच्या मजल्यावर राहणारी नर्स दारात उभी होती. केस विस्कटलेले, डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी कपाळावर सरकवलेली.

“रात्रपाळी करून झोपले होते,” ती म्हणाली. “माझ्या डोक्यावर काय पडलं?”

“पडलं काही नाही, सिस्टर. ई मेजर होता.”

“मेजर असू देत नाही तर कर्नल. त्यांना सांगा, मी दिवसा झोपते.”

त्या दिवशी तह झाला. तहाची कलमं बायकोने सांगितली आणि नवऱ्याने ऐकली, ही या घरातली तह करण्याची पद्धत. सोमवार पार पडेपर्यंत अ‍ॅम्पवर गिटार वाजणार नाही.

“मग मी करू काय त्याचं?”

“नुसता चालू करून बघ.”

हे तिने उपरोधाने म्हटलं होतं. त्याने शब्दशः घेतलं. रोज संध्याकाळी तो गिटारची वायर अ‍ॅम्पला जोडायचा, पॉवर चालू करायचा, ट्यूबा गरम व्हायची वाट पाहायचा, मग भक्तिभावाने स्टँडबाय दाबायचा, आणि तारांना बोटही न लावता समोर मांडी घालून बसायचा. ट्यूबा आतून तांबूस उजळायच्या. पेटीतून खालच्या पट्टीत एक बारीक गुणगुण येत राहायची, हूं... लांब कुठेतरी भलंमोठं मांजर पोटभर जेवून पडल्यासारखी.

“काय ऐकतोयस?” बायको विचारायची.

“टोन.”

“अरे, पण वाजवत तर नाहीयेस.”

“न वाजवताही टोन असतो.”

बायको त्याच्याकडे ज्या नजरेने पाहायची, त्या नजरेने ती प्रयोगशाळेत गढूळ नमुने पाहायची.

मंगळवारी त्याने प्रत्येक बटणाशेजारी कागदाची इवलीशी टिकली चिकटवली. कुठलं बटण कुठे असलं की गुणगुण ‘जुन्यासारखी’ वाटते, याची ती खूण. बुधवारी तो नकाशा द्यायला बाहेर गेला आणि परत येऊन पाहतो, तर स्पीडचं बटण टिकली सोडून चारवर. त्याने जागेवर आणलं. गुरुवारी बाहेरून आला, तर पुन्हा चारवर. शुक्रवारी ते तीनवर आलं, इंटेन्सिटी पार टोकाला गेली, आणि ट्रेबल तर कुणीतरी थेट शून्यावर उतरवून टाकला होता.

“माझ्या बटणांना कुणी हात लावला?” त्याने घरात जाहीर चौकशी केली.

“धूळ पुसली असेल मी,” आजी सुईत दोरा ओवत म्हणाली. “उघडं ठेवता, मग धूळ बसते.”

“छकुली रांगते आता,” बायको भाजी निवडताना मान वर न करता म्हणाली. “सगळ्याला धरून उभी राहते.”

नवऱ्याने छकुलीकडे पाहिलं. छकुलीने त्याच्याकडे पाहून दोन दात दाखवले. पुरावा भक्कम होता. त्याने तपास तिथेच थांबवला.

शनिवार उजाडला. बायको नोकरीसाठी नवे बूट आणायला निघाली. “मलाही जाड दोरा हवाय,” म्हणून आजीही सोबत गेली. दार बंद झालं आणि बाप-लेक एकमेकांसमोर उरले.

त्याने सगळं केलं. खांद्यावर घेतलं, तर तिने गच्चीवरून पंख्याची पाहणी केली. मांडीवर घेतलं, तर तिने त्याच्या शर्टाचं बटण तोडून तोंडात घातलं, ते काढताना त्याला दोन दातांची ताकद कळली. गाणं म्हटलं, तर ती रडायला लागली. मग काही सुचेना म्हणून त्याने हातातला नकाशाच वाचायला घेतला. “शयनगृह, दहा फूट गुणिले बारा फूट. सज्जा, चार फूट...” सज्ज्यापाशी तिचा भोंगा इतका वर गेला, की खालून ठक, ठक, ठक आलं.

त्याची पाचावर धारण बसली. डोळ्यांसमोर ते स्टूल आलं, आणि त्या स्टुलावर कायमची बसलेली ती मुलगी. रविवारी बायको मॅडमना फोन करील. काही बोलणार नाही. न बोलता ती भांडी घासेल, आणि तिचं न बोलता भांडी घासणं त्याला ई मेजरपेक्षा मोठ्याने ऐकू यायचं.

त्याने छकुलीला खाटेत ठेवलं. निदान आपलं तरी डोकं शांत व्हावं म्हणून पॉवर चालू केला. ट्यूबा गरम झाल्या. स्टँडबाय दाबला. बटणं कुणीतरी हलवलेली होती तशीच होती, ती जागेवर आणायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

हूंऽऽ... हूंऽऽ... हूंऽऽ...

गुणगुण आज सरळ येत नव्हती. लाटेसारखी येत होती. भरायची, ओसरायची, पुन्हा भरायची. छकुली अर्ध्या हुंदक्यावर थांबली. तिने लाल दिव्याकडे पाहिलं. पापण्या जड झाल्या, उचलल्या, पुन्हा पडल्या. मूठ उघडली. त्या मुठीतून त्याच्या शर्टाचं दुसरं बटण गादीवर घरंगळलं, आणि छकुली झोपली.

नवरा एका पायावर उभा होता. दुसरा खाली ठेवायची त्याची हिंमत झाली नाही.

जिन्यात पावलं वाजली तेव्हा छकुली गाढ झोपेत होती. त्याने आधी स्टँडबाय, मग पॉवर बंद केला आणि भिंतीला टेकून निवांत बसला, जसा काही दुपारपासून तसाच बसला होता.

बायको पाऊल न वाजवता आत आली. खाटेत डोकावली. बघत राहिली. वळताना तिचा हात अ‍ॅम्पला लागला. “गरम आहे,” ती म्हणाली.

“ऊन येतं ना इथे.”

त्या खोलीत ऊन येत नव्हतं. पण बायकोने तो विषय वाढवला नाही.

“मग? कशी झोपली?” चहाच्या वेळी आजीने विचारलं.

“झोपली म्हणजे काय, घेतली छातीशी, की झोपली. तुम्ही उगाच बाऊ करता.”

एरवी या ‘उगाच बाऊ’ने घरातली संध्याकाळ करपली असती. पण बायको नव्या बुटाचा पट्टा लावून बघत शांतपणे म्हणाली, “असेल. बापाच्या छातीला वेगळी ऊब असते.”

“माझ्याजवळही झोपते हल्ली,” आजी म्हणाली. “थापटायची एक पद्धत असते. आमच्या वेळची.”

“हो आई, तुमच्या हाताला गुण आहेच.”

तिघंही एकमेकांचं तोंडभरून कौतुक करत चहा प्यायली. इतका समंजसपणा या घरात यापूर्वी कधी नांदला नव्हता. तेवढ्यावरूनच कुणाला तरी संशय यायला हवा होता. पण ज्याला त्याला आपापलं लपवायचं असलं, की दुसऱ्याकडे नीट बघायला सवड होत नाही.

सोमवारी सकाळी बायको निघाली. दारात तिने छकुलीचा वास घेतला, मानेपाशी, दोनदा. मग नवऱ्याकडे पाहिलं. “जमेल ना रे?”

“जमेल गं.”

या वेळी तो ‘बघू ना’ म्हणाला नाही, हे तिला जिना उतरताना जाणवलं.

नवऱ्याने जोखीम घ्यायची नाही असं ठरवलं होतं. छकुली दुपारी झोपायची, त्याने सकाळीच अ‍ॅम्प चालू करून ठेवला. ट्यूबा जितक्या गरम तितकं बरं, असा हिशेब. मग तो बाहेरच्या खोलीत नकाशावर वाकला. मध्यंतरी आजी आपल्या खोलीतून काहीतरी पदराआड घेऊन छकुलीच्या खोलीत गेली आणि समाधानी चेहऱ्याने बाहेर आली, हे त्याने पाहिलं. पण आजी समाधानी दिसली तर कारण विचारू नये, हे तो लहानपणीच शिकला होता.

दुपारी छकुलीने डोळे चोळायला सुरुवात केली. त्याने तिला उचललं, खोलीत नेलं आणि तो दारातच थिजला.

अ‍ॅम्पच्या अंगात कव्हर होतं. जुन्या चादरीचं, आत कापूस घालून शिवलेलं, कडेला झालर. वर बटणांसाठी आणि खटक्यांसाठी नेटकी खिडकी कापलेली, मुठीसाठी काज. आणि मागे, जिथे अ‍ॅम्पची पाठ श्वास घेण्यासाठी उघडी ठेवलेली असते, तिथे कापूस दुहेरी, आणि जाड दोऱ्याचे टाके घट्ट ओढून घेतलेले. खोलीत इस्त्री विसरल्यासारखा वास होता. लाल दिवा विझला होता. गुणगुण नव्हती.

“आई!”

“आवडलं? धूळ अजिबात जाणार नाही.”

त्याने टराटरा टाके तोडले. खटके दाबले, सोडले, पुन्हा दाबले. ट्यूबा काळ्याशार. “फ्यूज उडालाय! गुदमरून गेला तो!”

“मग दुसरा घाल.”

“दुसरा कुठाय? आणि दुकान सोमवारी बंद!”

छकुलीने ओठ बाहेर काढला. आजीचा चेहरा उतरला. “अरे देवा. आता कशी झोपेल? स्पीड तीनवर ठेवल्याशिवाय तिचा डोळाच लागत नाही...”

ती थांबली. पण तोवर उशीर झाला होता.

“तुला काय माहीत?” नवऱ्याने विचारलं.

“काय?”

“तीनवर. आई, तू तर थापटत होतीस. तुमच्या वेळच्या पद्धतीने.”

“थापटत होतेच की,” आजी म्हणाली. “ते चालू करून.”

तेवढ्यात फोन वाजला. बायको. मागे काचेच्या बाटल्या किणकिणत होत्या आणि ती कुजबुजत होती.

“झोपली?”

“झोपतेय.” या उत्तराचा छकुलीने मागून जाहीर निषेध केला.

“अरे, ती तर ओरडतेय! मॅडम इथेच उभ्या आहेत. स्टूल मी आत्ताच माझ्या उंचीला आणलंय. मी येऊ का परत? खरं सांग.”

“नको, नको. एवढंच झालंय, की फ्यूज उडालाय.”

“घरातला?”

“अ‍ॅम्पचा.”

पलीकडे तिचा आवाज भेदरला. “म्हणजे पूर्णच गेला? स्टँडबाय नीट बघितलास का? तो कधी कधी अर्धवट राहतो, जोर लावून दाबावा लागतो.”

आता नवऱ्याने फोनकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं, मग मेलेल्या अ‍ॅम्पकडे.

“तूसुद्धा?” तो म्हणाला.

“बुधवारी,” बायको पुटपुटली. “तू नकाशा द्यायला गेलास तेव्हा. खांदा इतका भरून आला होता रे, की तिला खाटेत ठेवून मी रडतच ते चालू केलं. म्हटलं, बघू तरी हा माणूस रोज बसून काय ऐकतो. तर ती झोपली. मग मी पाठ टेकली. ती झाल्यापासून पहिल्यांदा, दिवसाउजेडी.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं, तर तू वर्षभर ऐकवलं असतंस.”

त्याने खरोखरच ऐकवलं असतं.

“शनिवारी बटणं मीच लावून गेले होते,” ती म्हणाली. “ठेवते. मॅडम बघतायत. अर्ध्या तासात ‘झोपली’ असा मेसेज आला नाही तर निघते.”

फोन बंद झाला. बापाच्या छातीची ऊब, आमच्या वेळची पद्धत आणि आईचा खांदा, असे तीन मोठे सिद्धांत एका फ्यूजबरोबर उडाले होते, आणि खाटेत छकुली कठडा धरून, लालबुंद होऊन, उभ्याने रडत होती.

नवऱ्याने तिला आडवं केलं आणि कठड्यावर कपाळ टेकलं. त्याच्या घशातून आपोआप एक कण्हण्याचा आवाज निघाला. “हूं...”

छकुली थांबली.

त्याने डोकं वर केलं. ती पुन्हा रडली. त्याने डोकं खाली घातलं. “हूंऽऽ...”

“सरळ नको,” आजी खुर्ची ओढत जवळ आली. “लाट कुठाय? लाट आण.”

“हूंऽऽ... हूंऽऽ...”

“भराभर होतंय. चारवर गेलास. तीनवर ये.”

“हूंऽऽऽ... हूंऽऽऽ...”

“हां. आता जरा खालून. पोटातून. ट्रेबल काढ.”

सुरुवातीला आवाज घोगरा येत होता, मध्येच फाटत होता. आजीने धीर दिला. “असू दे. ट्यूबा गरम होईपर्यंत व्हायचंच.” आणि हळूहळू त्या गरम झाल्या. छकुलीच्या पापण्या जड झाल्या. तिने त्याचं बोट मुठीत धरलं, अ‍ॅम्पला असं धरायला बोट नव्हतं, आणि ती झोपली.

आजीने चष्मा लावून एका बोटाने मेसेज केला: झोपली.

तेव्हा बेल वाजली. आजीने दार किलकिलं केलं. नर्स. कपाळावर पट्टी, चेहऱ्यावर संताप.

“बंद का केलंत?” तिने विचारलं.

“काय?”

“ते हूं हूं! मला वाटलं तुमचा फ्रीज असेल. चार दिवस कशी मेल्यासारखी झोपले. आज अचानक बंद! डोळ्याला डोळा नाही.” मग ती थबकली. “पण आता पुन्हा येतंय वाटतं बारीक...” ती आवाजाच्या मागावर थेट आतल्या खोलीपर्यंत गेली आणि दारातच उभी राहिली. “अहो, तुम्ही?”

नवऱ्याने तिच्याकडे असहाय नजरेने पाहिलं.

“तो आता बोलू शकत नाही,” आजी कुजबुजली. “चालू आहे.”

नर्सने त्याला धंदेवाईक नजरेने न्याहाळलं, रुग्णाला न्याहाळावं तसं. “जरा फरशीवर बसवता येईल का? खाटेपाशी धरल्यामुळे खाली पोचत नाही.”

नवरा मांडी घालून फरशीवर बसला. एक हात वर, कठड्यातून आत, छकुलीच्या मुठीत. नर्स समाधानाने खाली गेली. आजीने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग अ‍ॅम्पवरून ओढून काढलेलं कव्हर उचललं आणि त्याच्या खांद्यांवर घातलं. फरशी गार होती. या वेळी तिने मागची बाजू मोकळी सोडली.

बायको परतली तेव्हा छकुलीची दुसरी झोप चालू होती. ती बूट हातात घेऊन अनवाणी आत आली. नवरा झालरीच्या कव्हरमध्ये तसाच बसलेला, डोळे मिटलेले, घसा बसलेला, पण लाट तीनवर, अचूक. त्याने एक डोळा उघडला आणि भुवई उंचावून विचारलं.

“मिळालं,” ती कुजबुजली. “माझ्याच उंचीचं.”

ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली. त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. गच्चीसारखाच होता तो खांदा, पण दिवसभर दमून आल्यावर चालण्यासारखा होता. मग तिने हात वर करून त्याचा कान चिमटीत धरला आणि हलकेच डावीकडे फिरवला. गुणगुण कमी कमी होत गेली, थांबली. खोली शांत झाली. छकुली झोपलेलीच राहिली.

आणि खालून ठोके आले. ठक, ठक, ठक.

बायकोने सुस्कारा टाकला आणि कान पुन्हा उजवीकडे फिरवला.